न फुंकलेली मेणबत्ती

मुलींचं वसतिगृह, आयोवा
९ फेब्रुवारी

ती. कॉरीमावशीस,
मारितचा सा. न. वि. वि. नमस्कार खरोखरच साष्टांग आहे, कारण वरच्या पलंगावर पालथी पडून लिहिते आहे. उठून बसलं की डोकं छताला लागतं.

फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. आमच्या घरचे सगळे फोन एकाच बिलावर आहेत आणि लेक वाचनालयात आहे की चॅपलमध्ये, हे आईला मिशिगनमध्ये भाजी चिरता चिरता नकाशावर दिसतं. पत्र त्या नकाशावर दिसत नाही. शिवाय पुस्तक संपेपर्यंत तू फोन उचलत नाहीस, आणि तुझं एक संपलं की दुसरं सुरूच झालेलं असतं.

त्यावरून आठवलं. तुझी नवी कादंबरी आमच्या मजल्यावर पोचली. माझ्या खोलीतल्या केंड्राने तिला रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं वेष्टण घातलंय आणि मुली नंबर लावून वाचतायत. आमच्या रेक्टरबाई, मिसेस फ्लिकमा, परवा जेवताना म्हणाल्या, की प्रार्थनेची एवढी भूक मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती, काही पोरींच्या तर डोळ्यांना पाणी येतं. लेखिका माझी मावशी आहे हे कुणालाच माहीत नाही. पण माझी एक तक्रार नोंदवून घे. पुन्हा बर्फावरच्या हॉकीचा कप्तान? पुन्हा बाप मेलेला? पुन्हा तो जबडा? माझ्या ब्रॅमची हनुवटी पावाच्या गोळ्यासारखी आहे, तो ट्रॉम्बोन वाजवतो आणि पळायला लागला की त्याचा एक बूट मागे राहतो. दुसऱ्या वर्षापासून मी त्याच्याबरोबर आहे. त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिणार नाही म्हणून मी फार निर्धास्त असते.

इथे सध्या साथ पसरली आहे. शेवटचं वर्ष, ख्रिसमस उलटलेला. अंगठी वसंताच्या आत, नाहीतर फी परत, ही आमच्या कॉलेजातली जुनी थट्टा. पण थट्टा म्हणता म्हणता निम्म्या मुलींनी बोटं मोकळी ठेवली आहेत. दर आठवड्याला खाली दिवाणखान्यात मेणबत्तीची बैठक होते. गोल करून बसायचं, दिवे घालवायचे, पेटलेली मेणबत्ती हातोहात फिरवायची, आणि जिचं जमलं असेल तिने ती फुंकायची. मग किंकाळ्या, मिठ्या, आणि खिडकीखाली तिच्या त्याच्या मित्रांचं गाणं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. इथे नवऱ्या चक्क मेणबत्त्या घेऊन बसल्या आहेत.

आता खरी बातमी. चॅपलच्या खोलीएवढ्या ऑर्गनचा सूर लावण्याचं काम माझ्याकडे असतं. ते दोघांचं काम. एकाने बाहेर बसून पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने आत नळ्यांच्या रानात उभं राहून नळीच्या गळ्याशी टकटक करत सूर चढवायचा नाहीतर उतरवायचा. मी आत, ब्रॅम बाहेर. गुरुवारी त्याने काय करावं? पट्टीवर भजनांचं जाडजूड पुस्तक ठेवलं आणि स्वतः आत आला. म्हणाला, तुला थंडी वाजत असेल. पट्टी वाजते आहे तोवर ऐकणाऱ्याला वाटणार, काम चालू आहे. हिशेब चांगला होता.

मावशी, तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही. स्वेटर काढलेला होता एवढंच सांगते. बाकीचं तुझी कल्पनाशक्ती करेल, ती पगारी आहे.

शेवटून दुसऱ्या बाकावर पास्टर हायझिंगा रविवारचं प्रवचन लिहीत बसले होते. त्यांचा कान तिखट. लावला जाणारा सूर हलतो, थरथरतो, सरकतो. हा सूर मात्र दगडासारखा जागच्या जागी उभा. त्यांना वाटलं, मी आत चक्कर येऊन पडले. बिचारे माझा जीव वाचवायला धावत आले आणि त्यांनी ते छोटं दार उघडलं.

सोमवारी आम्हा दोघांना डीनपुढे उभं राहायचंय. भीती वाटते, पण लाज वाटत नाही, आणि लाज वाटत नाही याचीच जरा भीती वाटते. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑर्गन बनवणाऱ्यांच्या कारखान्यात सप्टेंबरपासून तीन वर्षं शिकाऊ म्हणून मला घेतलंय, हे तुला सोडून कुणाला नीट सांगितलेलंही नाही. ब्रॅमला इथल्याच ख्रिस्ती शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी मिळतेय. डीनने मनात आणलं तर दोन्हींची वाट लागेल.

लोभ आहेच, सध्या जरा जास्तीचा पाठव.
तुझी
मारित

ता. क. आईला कळवू नकोस. तिला आपोआप कळतं.


डुलुथ
१४ फेब्रुवारी

चि. मारित हिस,
कॉरीमावशीचे अ. उ. आ. आशीर्वाद देण्याचा माझा परवाना तुझ्या आईने कधीच जप्त केला आहे, तेव्हा हे बिनपरवान्याचे समज.

पत्र वाचून आधी हसले, मग उठून कॉफी केली आणि मग मला हेवा वाटला. एवढी पुस्तकं लिहिली, दर पुस्तकात पोरापोरीला मोहात पाडायला मला डोंगरातली झोपडी, वादळ आणि एकच पलंग लागतो. इतका बर्फ पाडलाय, की डुलुथच्या नगरपालिकेने मला दंड करायला हवा. आणि माझ्याच भाचीला ऑर्गनचं पोट सुचावं आणि मला सुचू नये! जबड्याबद्दल म्हणशील तर तो माझा नाही, संपादकबाईंचा आहे. मी एकदा नायकाला साधी हनुवटी दिली होती. त्यांनी समासात लिहिलं, याला काही आजार आहे का?

आता थट्टा पुरे. सोमवार होऊन गेला असेल. जे झालं ते झालं म्हणून सांगितलंस ना? रडली नाहीस ना? रडलीस तरी हरकत नाही, पण पश्चात्ताप झाला नसेल तर झाला म्हणू नकोस. तो एकदा उसना आणला की आयुष्यभर व्याज भरावं लागतं. आणि मला दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी लिही. ब्रॅम हवा का? कारखाना हवा का? एकाचं उत्तर दुसऱ्याच्या ताटात वाढू नकोस.

तुझ्या त्या पास्टरना माझा नमस्कार सांगता आला तर सांग. प्रेमाचा सूर हलत नव्हता, हे ज्याने नुसत्या कानाने ओळखलं त्याने खरं म्हणजे माझ्या धंद्यात यायला हवं होतं.

तुझी, लोभाच्या बाबतीत उधळी
कॉरीमावशी


झीलँड, मिशिगन
२० फेब्रुवारी

प्रिय कॉरीस,
ताईचे आशीर्वाद. तुला नको असले तरी तुला गरज आहे म्हणून पाठवते.

तुला सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे, तेव्हा आश्चर्य वाटल्याचं नाटक करू नकोस. डीनचा फोन आला होता. माणूस सज्जन. आवाज न चढवता बोलला. म्हणाला, पोरं वाईट नाहीत, आणि वसंत आलाच आहे. त्यांचं लग्न ठरलेलं असेल तर हे प्रकरण पास्टरकडे जाईल, ते दोघांना बसवून चार गोष्टी सांगतील आणि कागदावर काहीही येणार नाही. ठरलेलं नसेल तर मात्र नियम तो नियम. दोघांना उरलेल्या सत्रापुरतं घरी पाठवावं लागेल, पदवी लांबेल, आणि ब्रॅमला शाळेसाठी शिफारस देता येणार नाही. महिनाभरात काय ते कळवा म्हणाला.

मला सांग, यात अडलंय कुठे? मुलगा चांगला आहे. त्याची आई आर्डिस रोज फोन करते. तिच्या सासूची अंगठी तिने पेटीतून काढून उजळूनही आणली. आणि आपली बाई काय म्हणते? म्हणे, माझं ब्रॅमवर प्रेम आहे आणि मी अंगठी घालणार नाही. एकाच दमात! मी म्हटलं, अगं, प्रेम नसतं तर नाही म्हणणं समजू शकले असते. तर म्हणते, प्रेम नसतं तर मला नाही म्हणायला इतका त्रास झाला नसता.

हे बोलणं कुठून आलं ते मला कळतं. केंड्राच्या आईला प्रार्थनेच्या वेष्टणातलं तुझं पुस्तक सापडलंय. तिसऱ्या पानापुढे मी वाचलं नाही. वाचलं, पण सांगणार नाही.

मला हॅरॉल्डची अंगठी मिळाली तेव्हा मी मारितपेक्षा लहान होते, आणि मी सुखात आहे. हसू नकोस. लग्न म्हणजे तुरुंग असं तुझ्या पुस्तकातल्या मुली चाळीस पानं म्हणतात आणि शेवटच्या पानावर करतातच ना? मग माझ्या मुलीने केलं तर काय बिघडलं? ती तुझं ऐकते. तू तिला दोन ओळी लिही. नुसतं हो म्हण म्हणावं. कॉलेजच्या चॅपलमध्ये काय झालं, हे इथे चर्चमध्ये कळायला वेळ लागणार नाही, आणि दर रविवारी बाकावर मला बसायचं असतं, तुला नाही.

सोबत बदामाचं सारण भरलेलं बँकेट भाजून पाठवते आहे. राग आहे, पण भट्टी तापलेलीच होती.

तुझी, लोभ न सोडता रागावलेली
लिडियाताई


डुलुथ
२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
कॉरीचा सा. न. वि. वि. बँकेट संपलं. तुझा राग एवढा गोड असेल तर मी आणखी चारदोन पुस्तकं लिहीन म्हणते.

त्या दोन ओळी मी लिहिणार नाही.

एक गंमत सांगते. मागच्या महिन्यात माझी नवी संहिता परत आली. संपादकबाई म्हणाल्या, सगळं झकास आहे, मोह झकास, भांडण झकास, पण शेवटी पोरगी अंगठी न घेताच विमानात बसते, हे काय? वाचक चिडतील. दोनशे पानं त्यांनी पलंगावर काय काय चालवून घेतलं ते शेवटच्या अंगठीच्या भरवशावर. आता तुझे डीन. अख्खी दुनिया धुंडाळली तरी या दोघांइतकी एकमेकांना न आवडणारी माणसं सापडणार नाहीत. तो हिच्या पुस्तकांना विष म्हणतो, ती याच्या कॉलेजला तुरुंग म्हणते. आणि शेवटचं पान दोघांचं एकच! अंगठी म्हणजे काय कपडे धुवायची पावडर आहे, ताई? की बोटात सरकवली आणि डाग गेला? डाग असेल तर तो अंगठीने जायचा नाही, आणि नसेल तर धुता कशाला?

तू हॅरॉल्डभावजींबरोबर सुखात आहेस, हे मी कधी नाकारलंय? तुला ते हवे होते. बर्फाच्या वादळात त्यांची गाडी बंद पडली म्हणून तू तीन मैल चालत गेलीस, हे मला आठवतं. तेव्हा कुठल्या डीनने तुला तारीख दिली नव्हती. मारितला ब्रॅम हवाच आहे. तिला नकोय ती घाई, आणि ती घाई तिची नाही, तुम्हा सगळ्यांची आहे.

आणि रविवारच्या बाकाचं म्हणशील, तर कुणी वळून पाहिलं की तू पेपरमिंटची गोळी पुढे कर. आपल्या लोकांचं तोंड तेवढ्यानेही बंद होतं.

संपादकबाईंना मी कळवलंय, की पोरगी विमानातच बसेल. करार मोडू म्हणाल्या. मोडा म्हटलं.

रागवायचं तेवढं रागव, पण खायला पाठवत जा. लोभाची कृती तुझीच चांगली.
तुझी
कॉरी


वसतिगृह
३ मार्च

ती. कॉरीमावशीस,
मारितचा नमस्कार. आजचा उभ्याउभ्याचा आहे, कारण झोप येत नाही आणि बसवत नाही.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी. ब्रॅम हवा. कारखाना हवा. दोन वेगळ्या ताटांत वाढली आहेत. आता पंगतीत काय गोंधळ झाला तो ऐक.

शनिवारी ब्रॅम अंगठी घेऊन आला. गुडघ्यावर वगैरे बसला नाही. कपडे धुवायच्या खोलीत यंत्रं घुमत होती, तिथे बाकड्यावर माझ्या शेजारी बसून म्हणाला, की नुसती घाल. मे महिन्यापर्यंत. पदवी हातात आली, माझी नोकरी पक्की झाली, की जूनमध्ये काढून दे, आईला मी समजावीन. कुणाचं काय जातंय? खोटं बोलायचंही नाही, नुसतं बोट दाखवायचं.

मावशी, मोह मोह म्हणतात तो मला ऑर्गनच्या पोटात भेटलाच नव्हता. तिथे मला जे हवं होतं ते मी घेतलं, त्यात कसला मोह? मोह भेटला तो या साबणाच्या वासात. मी अंगठी घालून पाहिली. बरोबर बसली, हीच पंचाईत. सैल असती तर हसून सोडून दिलं असतं. क्षणभर सगळं सोपं दिसलं. आई रविवारी ताठ मानेने बसलेली, फ्लिकमाबाई हसतायत, पास्टर पुन्हा माझ्याकडे बघायला लागलेत. आणि मला वाटलं, आता माझं काहीही चालेल. आता आम्ही चॅपलच्या पायरीवर मुके घेतले तरी लोक, वा, म्हणतील. त्या वाटण्यालाच घाबरून मी ती काढली.

ब्रॅम चिडला. कधी चिडत नाही तो. म्हणाला, तुझं तत्त्व आहे, पण नोकरी माझी जातेय. तुझा कारखाना पदवी विचारणार नाही, माझी शाळा शिफारस विचारणार. तुझ्या नकाराचं बिल माझ्या नावावर का? खरंच आहे ते. त्याला मुलांना ट्रॉम्बोन शिकवायचाय, लहानपणापासून तेवढंच बोलतोय. मी नाही म्हणाले की त्याचं मोडतं, हो म्हणाले की माझं. आणि तुझ्या पुस्तकात या जागेवर नेमकी कुणाला तरी गाडी धडकते आणि इस्पितळात सगळं मिटतं. इथे रस्त्यावर गाड्याच नाहीत.

लवकर लिही. लोभाबरोबर थोडी अक्कलही बांधून पाठव.
तुझी
मारित


डुलुथ
८ मार्च

चि. मारितास आशीर्वाद, या खेपेला थोडक्यात.

खोटा साखरपुडा! अगं, माझ्या धंद्यातला सगळ्यात खपाऊ माल तो. तिसऱ्या प्रकरणात खोटा ठरतो, तिसाव्यात खरा होतो. पण तो नीट पार पडतो कारण लेखिका दोघांच्या बाजूला असते. तुमच्या बाजूला दोन आया आहेत. जूनमध्ये अंगठी परत द्यायला गेलीस तर आर्डिसबाईंनी तोवर हॉल ठरवलेला असेल, हॅम बनची ऑर्डर दिलेली असेल आणि तुझ्या आईने पडद्यांचं कापड घेतलेलं असेल. खोट्याला एकदा पाहुणे आले की ते परत जात नाहीत.

ब्रॅमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच त्याच्या वतीने तू काही ठरवू नकोस. त्याचं नुकसान काय हे त्याने स्वतः मोजावं आणि तुझ्या तोंडावर सांगावं. तू त्याच्यासाठी हो म्हणालीस तर ते त्याच्या डोक्यावर बसेल, आणि त्याच्यासाठी म्हणून नाही म्हणालीस तरीही. तू तुझ्यापुरतं बोल. मग तो राहिला तर राहिला.

राहिला नाही तर काय, ते मला विचारू नकोस. मी शेवट विकते, सांगत नाही.

लोभ पाठवला आहे. अक्कल दुकानात शिल्लक नव्हती.
कॉरीमावशी


वसतिगृह
१९ मार्च

ती. आईस,
मारितचा सा. न. वि. वि.

हे पत्र मावशीला नाही, तुला आहे. मंगळवारच्या मेणबत्तीसाठी फ्लिकमाबाईंना तू फोन केला होतास, हे मला कळलं. पोरीचं ठरलंय, पण ती लाजतेय, तुम्हीच बैठक बोलवा, असं तू सांगितलंस म्हणे. आर्डिसकाकूंनी ब्रॅमला सांगितलं, की मारित तयार झाली. तुम्ही दोघींनी मिळून आमचं लग्न जमवलंत. फक्त आम्हा दोघांना कळवायचं राहिलं.

झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगते.

जेवणं झाल्यावर सगळ्या खाली जमलो. दिवे घालवले, मेणबत्ती निघाली. पहिल्या फेरीत मी सहज पुढे दिली. दुसऱ्या फेरीतही दिली. तेव्हा लक्षात आलं, की बाकीच्या मुली मेणबत्तीकडे बघतच नाहीयेत, माझ्याकडे बघून हसतायत. केंड्रा कोपराने ढोसून म्हणाली, बास झालं गं नाटक, मेण सांडतंय. तिसऱ्या फेरीला हसू कमी झालं. कुणीतरी कुजबुजलं, हिचंच आहे ना नक्की? चौथ्या फेरीला फ्लिकमाबाई अंधारातून म्हणाल्या, की मारित, राणी, सगळ्यांना माहीत आहे, फुंक.

तेव्हा मी मेणबत्ती हातात धरून उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे ते खरं नाही. ब्रॅमचं माझं लग्न ठरलेलं नाही. ऑर्गनमध्ये मी त्याचे मुके घेतले, मला ते हवे होते म्हणून घेतले, आणि ते धुऊन काढायला मी ही फुंकणार नाही. कधीतरी लग्न करीन, नाहीतर नाही करणार. पण केलं तर कुणी आम्हाला पकडलं म्हणून करणार नाही. मग शेजारच्या मुलीला मेणबत्ती दिली आणि बसले.

पुढे भलताच पेच पडला. मेणबत्ती विझवायची कुणी? फुंकेल तिचं लग्न ठरलं असा अर्थ, आणि न ठरता फुंकेल ती जन्मभर बिनलग्नाची राहते अशी इथली समजूत. कुणी हात लावेना. ती फिरत राहिली. एक जण रडायला लागली, एकीला हसू आवरेना, आणि केंड्रा, जिने जानेवारीत स्वतःची फुंकली होती, ती माझ्याकडे इतकं टक लावून बघत होती, की मला वाटलं आता थोबाडीत मारेल. तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. शेवटी फ्लिकमाबाईंनी मेणबत्ती घेतली, पेटती तशीच स्वयंपाकघरात नेली आणि नळाखाली धरली. चर्र झालेलं बाहेर ऐकू आलं.

खिडकीखालच्या मुलांना तो इशारा वाटला. ब्रॅम आणि त्याचे मित्र ट्रॉम्बोन घेऊन थंडीत तासभर उभे होते. त्यांनी जोरात आनंदाचं गाणं सुरू केलं. आई, तुझ्यावर मी त्या गाण्यासाठी रागावले आहे, मेणबत्तीसाठी नाही. मी बाहेर गेले तेव्हा ब्रॅमचा चेहरा असा फुललेला होता, आणि तो मला उतरवावा लागला. मी म्हटलं, मी तयार झाले नव्हते, तुला चुकीचं सांगितलं. त्याने विचारलं, कधीच नाही? म्हटलं, कधीचं मला माहीत नाही, या मे महिन्याचं माहीत आहे. त्याने ट्रॉम्बोन पेटीत भरला आणि गेला.

दोन दिवस बोलला नाही. काल दुपारी जेवायच्या हॉलमध्ये ताट घेऊन समोर बसला, खिम्याचं अख्खं मीटलोफ संपवलं, आणि मग म्हणाला, मी डीनकडे जाऊन आलो. तिथे म्हणाला, पट्टीवर पुस्तक ठेवून पास्टरना फसवलं त्याची माफी मागतो. बाकी कशाची मागत नाही, आणि अंगठी येणार नाही. शिक्षा दोघांना सारखी द्या. डीन म्हणाले, मग शिफारस नाही. हा म्हणाला, बरं. मी विचारलं, माझ्यासाठी केलंस? तर म्हणाला, फार शहाणी समजू नकोस स्वतःला. आजीची अंगठी देऊन विकत घेतलेल्या नोकरीवर पोरांना सूर शिकवायला मलाच लाज वाटली असती. आणि मग, माझी पुडिंगची वाटी ओढून घेत म्हणाला, मॅसॅच्युसेट्समध्येही पोरं बेसूरच वाजवत असतील ना?

तर आम्ही सत्रातून बाहेर आहोत. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सामान भरतो. पदवीचे राहिलेले विषय तिकडून पुरे करू. कारखान्याच्या मालकांना मी सगळं सांगितलं, ऑर्गनसकट. ते हसत सुटले आणि म्हणाले, सप्टेंबर कशाला, आताच ये.

ब्रॅमच्या ट्रकमधून जाणार. वाटेत रविवारी तुमच्याकडे मुक्काम करावा म्हणतो. आणि पुढच्या मुक्कामाला आम्ही एक खोली घेणार आहोत. परवानगी मागत नाही, सांगते आहे. बाबांनाही वाचायला दे.

रागावलीस तर रागव. मीही रागावलेली आहे. दोघींचा लोभ त्याखाली कुठेतरी असेलच, शोधू.
तुझी
मारित


झीलँड
२३ मार्च

चि. मारितास,
आईचे अ. उ. आ.

आर्डिस माझ्याशी बोलत नाही. हॉलची आगाऊ नोंदणी तिने खरंच केली होती. कॉरीने हे आधीच सांगितलं होतं म्हणे. कॉरीला हे कळवू नकोस.

मी फोन केला ते चुकलं असं मी म्हणणार नाही. मला खरंच वाटलं होतं, की ज्योत एकदा हातात आली की तू फुंकशील. माझ्या वेळी मी चौथ्या फेरीपर्यंत घाबरून नुसती पुढे देत होते, शेवटी फुंकली आणि सगळी भीती गेली. तुझीही तशीच भीती असेल असं वाटलं. ती भीती नव्हती, हे आता दिसतंय. ब्रॅमला थंडीत उभं राहावं लागलं त्याचं मात्र वाईट वाटतं. त्याला सांग.

रविवारी या. जेवायला दोघांचीही पानं मांडते. बाबा विचारतायत, ब्रॅमला खारं हॅम चालतं का, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला तो एखादं भजन वाजवेल का. वाजवूच दे. ज्यांना बघायचंय ते बघून घेऊ देत एकदा.

पण माझ्या घरात खोल्या दोन. तू माडीवर, तो तळघरात, आणि मधल्या जिन्याची तिसरी पायरी करकरते हे तुला माहीतच आहे. पुढच्या गावी काय करायचं ते करा. मी विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी. तुझ्या पत्रातलं ते एका खोलीचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं नाही.

लोभ शोधावा लागत नाही. तो इथेच आहे, जागा अडवून.
आई


वसतिगृह
२७ मार्च

ती. आईस नमस्कार,

दोन खोल्या कबूल. घर तुझं, नियम तुझा. हॅम चालतं.

न सांगणं कबूल नाही. सोमवारच्या मुक्कामावरून तुला पत्र टाकीन, पाकिटावर तुम्हा दोघांचं नाव असेल. बाबांना तू वाचून दाखवू नकोस, त्यांनाच वाचू दे.

तुझी
मारित